केसरच्या आगटीचं लाकूड

गेणू, तुझी कुऱ्हाड अजून आमच्या परसातच आहे. "आज अंग कसकसतंय शेट, उद्या येतो," म्हणून तू ती ज्या ओंडक्यात रुतवून गेलास, त्याच ओंडक्यात ती तुझ्या दहाव्यापर्यंत उभी होती. दहाव्याला तुझ्या वाडीत, डिंभ्याला आलो तेव्हा मी तुझ्या बायकोला, सगुणेला विचारलं, "आषाढ संपेपर्यंत कुऱ्हाड माझ्याकडे राहू दे?" रडता रडता तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. जन्मभर तराजू धरलेले हात. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पर पायाव घालून घेऊ नगा."

तुला ठाऊक आहे, केसर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिच्या खोलीसाठी म्हणूनच तू यंदा माघात मालकी रानातले ऐनाचे ओंडके आणून टाकलेस. निम्मे फोडलेस, निम्मे राहिले, आणि दोन दिवसांच्या तापात तू गेलास. आमच्या आंबेगावचा पाऊस तुला मी काय सांगायचा? भीमाशंकराच्या डोंगराकडून एकदा झड लागली की आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, मातीच्या भिंती पाझरतात, बाळाची दुपटी वाळत नाहीत. बाळंतीण आणि तान्हं मूल सव्वा महिना त्या खोलीत ठेवायचं, तर कोपऱ्यातल्या आगटीत सतत लाकूड जळायला हवं. तिच्यातले निखारे काढून बाजेखालच्या शेगडीत घालायला हवेत. नाहीतर ओल बाळाच्या छातीत उतरते. हे आमच्या घराला दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

तू फोडलेलं निम्मं लाकूड कोरडंठाक होऊन पडवीत रचलेलं होतं. ते तुझ्याच सरणाला गेलं.

तुझा पुतण्या निरोप घेऊन आला, तेव्हा मी दुकानात होतो. पोरगा उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "चुलता गेला. घरात जळण न्हाई." गावाला सरपण पुरवणाऱ्याच्या घरात सरणापुरतं लाकूड नव्हतं. लोहाराचा विळा बोथट तो असा. मी गाडी जुंपायला सांगितली. माझी बायको पडवीत गेली. मला वाटलं ती अडवणार, पोरीचं बाळंतपण तोंडावर आहे म्हणणार. ती तसं काही बोलली नाही. तिनं जीव न दुखावता झाडायची आपली लोकरीची मऊ पूंजणी घेतली आणि एकेक लाकूड झाडून, उलटसुलट पाहून माझ्या हातात दिलं. तुझ्या सरणात एकही किडा जळला नाही, गेणू. तू हसला असतास. पण मी शपथेवर सांगतो, आंबेगावात कुणाचं सरण इतकं निवडून पाखडून रचलं गेलेलं नाही.

म्हणजे आता परसात उरले न फोडलेले ओंडके, आणि मृग आठ दिवसांवर. सगळा गाव नांगरटीला आणि बी-भरणीला लागलेला. एक गडी मिळाला. त्यानं तीन ओंडके फोडले आणि ढलप्या भिंतीवर फेकून दिल्या. हिनं त्याला म्हटलं, "अरे, आपटून बघ ना आधी." तो म्हणाला, "बाई, पेरणी तोंडाव आलीया. किडं मोजाय मला येळ न्हाई." आणि निघून गेला. त्या दिवशी मी ठरवलं की ही लाकडं मीच फोडणार. धंदा दुपारी एक वेळ बंद राहील, राहू दे.

तू असतास तर पोट धरून हसला असतास. मग दोन दिवस वाडीत सांगत फिरला असतास.

आपलं भांडण बावीस वर्षांचं. ते सुरू झालं तू पहिल्यांदा आमच्याकडे लाकूड टाकलंस त्या दिवशी. आमच्या जैन घरची रीत मी तुला समजावली. लाकूड फोडलं की प्रत्येक तुकडा दगडावर उभा आपटायचा, कान देऊन ऐकायचा, पोकळ वाजला किंवा भुसा पडला तर बाजूला टाकायचा. आत जीव असतात. ते जाळायचे नाहीत. तू सगळं नीट ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "मंग बाजूला टाकल्यालं कुनी न्यायचं?" मी म्हणालो, "ने तुझ्या घरी." तू डोक्याचं मुंडासं सोडलंस, पुन्हा बांधलंस आणि म्हणालास, "म्हंजी किडं माज्या चुलीत जळनार. मंग पाप कुनाचं, शेट?"

मी म्हणालो, "जो जाळतो त्याचं."

"आन जो जाळाय देतो त्येचं?"

तेव्हा मी गिऱ्हाईक आलंय म्हणून दुकानात गेलो. खरी गोष्ट अशी की आमच्या धर्मात स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावणं, तिन्ही सारखंच धरलंय. हे मला लहानपणापासून पाठ होतं. तू अक्षरशत्रू, वाडीत वाढलेला, आणि पहिल्याच दिवशी नेमकं तिथंच बोट ठेवलंस. मला तुझा राग आला. तो राग पुष्कळ वर्षं टिकला. दर वर्षी तू बाजूला टाकलेल्या ढलप्यांची मोळी बांधायचास, डोक्यावर घ्यायचास, आणि दिंडीदरवाजातून जाताना हमखास म्हणायचास, "चालले बरं का शेट तुमचं जीव माज्या घरी." मी वर बघायचो नाही.

पण तू ठोका मारायचास तो मात्र जीव लावून. ओंडका उभा करायचा, शेंड्याकडचं तोंड वर. भेग कुठे आहे ते अंगठ्यानं चाचपायचं आणि त्याच भेगेत चार घाव. चारांच्या वर तुला कधी लागले नाहीत. गाठ आली तर "हिच्याशी भांडायचं न्हाई, हिच्या शेजारनं जायचं," म्हणायचास. मग प्रत्येक फाळी दगडावर तीनदा आपटायचास आणि आतल्या मंडळींना हाक द्यायचास, "उठा रं, निगा. हे शेटचं घर हाय, हितं ऱ्हायला मिळायचं न्हाई." केसर लहान असताना तुझ्या शेजारी बसून तीही ओरडायची, उठा रं, निगा. तिला मी दटावायचो, वाण्याच्या पोरीनं असं बोलू नये म्हणून. तू म्हणायचास, "बोलू द्या. ती माज्या कोळशाव वाढल्याली पोर हाय."

तो कोळसा. त्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही, गेणू. आज बोलतो. तुला ऐकायला येत असेल-नसेल, मला बोलायला हवंच आहे.

मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्यात आमच्याकडे एक साधुमहाराज उतरले होते. त्यांच्या व्याख्यानात निघालं की उन्हाच्या तापानंही सूक्ष्म जीव मरतात. झालं. मी घरी आलो आणि तू परसात उन्हात पसरून ठेवलेलं सगळं लाकूड उचलून मागच्या खोलीत, सावलीत रचायला लावलं. तू कळवळून सांगितलंस, "उनात ऱ्हाऊ द्या शेट. ऊन लागलं की त्येंची त्येच निगून जात्यात. सावलीत ठिवलं तर हितंच घरं बांधत्याल, पोरंबाळं वाढवत्याल." मी म्हणालो, "तू फोडायचं काम कर. धर्माचं मी बघतो."

श्रावण सरता सरता केसर जन्मली. पर्युषणाचे दिवस. बाहेर झड लागलेली. तिसऱ्या दिवशी आगटीत घालायला लाकूड काढलं तर फाळीतनं पांढऱ्या अळ्या खाली पडल्या. दुसरी काढली, तीच गत. माझ्या हट्टानं राखलेल्या त्या सबंध ढिगात एक फाळी शाबूत नव्हती. दया करायला गेलो आणि किड्यांचं अख्खं गाव घरात वसवून बसलो. पर्युषणात, वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवसांत, ते जाळायचं कसं? मी आगटी विझू दिली. बायको बाजेवर, बाळ तिच्या पोटाशी, वर दोन घोंगड्या. मी माळ घेऊन बसलो. बाळाची बोटं निळसर दिसायला लागली तरी मी माळच ओढत होतो. हे मी आज सांगतोय तेव्हा माझी मलाच चीड येते, पण तेव्हा मला ते करणं बरोबर वाटत होतं. खरंच वाटत होतं.

तू त्या दिवशी मीठ न्यायला आला होतास. बाळ रडत का नाही म्हणून विचारलंस. हिनं दाराआडून सांगितलं. तू तडक मागच्या खोलीत गेलास, त्या किडलेल्या लाकडांचा भारा बांधलास, डोक्यावर इरलं घातलंस आणि पावसात चालू लागलास. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलास तो काळाठिक्कर होऊन. डोक्यावर टोपली, टोपलीवर पळसाची पानं, आणि आत कोळसा. ती पाटी उंबऱ्यावर ठेवून म्हणालास, "घ्या. ह्यात आता कायबी जितं न्हाई. जे व्हतं त्ये मी मारलंय. पाप माज्याकडं. तुमी पोर शेका. आन खिडकी जराशी उगडी ठिवा, न्हाईतर डोकं धरंल."

आमच्यात गृहस्थानं करू नयेत असे पंधरा धंदे सांगितलेत. त्यातला पहिलाच कोळसा पाडण्याचा. तू तोच करून आला होतास, माझ्या लेकीसाठी, माझ्या घरातल्या लाकडांचा. मी ती टोपली आत घेतली. शेगडी पेटली. संध्याकाळी केसर रडली, चांगली कडाडून रडली, आणि मी मागच्या खोलीत जाऊन एकटाच रडलो. तुला एक शब्द बोललो नाही. चार दिवसांनी संवत्सरी आली. त्या दिवशी आम्ही वर्षभरात दुखावलेल्या सगळ्यांची क्षमा मागतो. मी बाजारातल्या प्रत्येक दुकानात गेलो, हात जोडले. तुझ्यापुढेही जोडले, कारण तू वाटेत भेटलास. तू म्हणालास, "माजी कशाला मागता? किड्यांची मागा." मी हसण्यावारी नेलं आणि पुढे निघालो. डिंभ्याला तुझ्या दारात जाऊन मागायला हवी होती. तेव्हापासून सोळा संवत्सऱ्या झाल्या आणि दर वेळी मला ते आठवलं. पुढच्या वर्षी जाऊ म्हणत राहिलो.

तर आता कुऱ्हाड माझ्या हातात आहे.

पहिल्या दिवशी ही पडवीत येऊन उभी राहिली. "आपल्यात कुणी हातात कुऱ्हाड धरलीय का कधी? लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "लोक येऊन आगटी पेटवणार नाहीत." ती म्हणाली, "आणि पाप?" मी म्हणालो, "बावीस वर्षं गेणूच्या डोक्यावर देत होतो, तेव्हा कुठं गेलं होतं ते?" ती बाजूला सरली. मग मी पहिला घाव घातला. कुऱ्हाड ओंडक्यावरून सरकली आणि मातीत गेली. दुसरा घातला, ती अर्ध्यात अडकून बसली. मी म्हटलं, धार गेलीय हिची. ही पदराआड हसत म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तिनं मला असं तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं.

तू ओलं असतानाच फोडायला का घाई करायचास ते मला त्या दिवशी कळलं. वाळलेला ऐन म्हणजे नुसतं लोखंड. दिवसाअखेर एकच ओंडका फुटला आणि हाताला सात फोड आले. पण फुटला. दुसऱ्या दिवशी दीड. चौथ्या दिवशी मी ओंडका उलटा केला, शेंडा वर, आणि तू करायचास तशी अंगठ्यानं भेग शोधली. चौदाव्या घावाला तो दुभंगला. चौदाव्या. मी तिथंच मातीत बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "बघ गेणू." परसात कुणी नव्हतं. आतून केसरनं मात्र विचारलं, "कोण आहे?" आणि मी उत्तर दिलं नाही.

कारण केसरला तू गेल्याचं आम्ही सांगितलं नव्हतं. पोटुशी पोर, तुझ्यावर जीव टाकणारी. सुईण म्हणाली, सुटका होईपर्यंत काही कानावर घालू नका. खोलीची खिडकी रस्त्याकडची, परस मागे, तिला काही दिसत नव्हतं. रोज दुपारी मागून कुऱ्हाडीचा आवाज येई. ती बाजेवर पडून ऐकत असे. आम्ही समजलो, पोरीला वाटतंय गेणूमामा लाकडं फोडतोय, वाटू दे.

प्रत्येक फाळी मी दगडावर तीनदा आपटतो. उठा रं, निगा, हे मात्र मनातल्या मनात म्हणतो. फोडायला लागल्यापासून दहाव्या दिवशी एक ओंडका पोकळ निघाला. आत बोटाएवढ्या अळ्या, जिवंत. सवयीनं मी ती फाळी बाजूला फेकली. मग तिच्याकडे बघत उभा राहिलो. बाजूला म्हणजे कुठे? आता मोळी बांधायला तू नाहीस. मग मी खाली बसलो, केसरच्या आईकडून बारीक काडी मागून घेतली आणि एकेक अळी बाहेर काढली. नदीकडच्या करंजाखाली एक जुनं कुजकं खोड पडलंय, त्याच्या ढोलीत नेऊन ठेवली. एका ओंडक्याला सबंध दुपार गेली. गेणू, इतकी वर्षं मला हे करता येत होतं. कठीण काहीच नव्हतं. फक्त गुडघे दुखतात.

निवडून रिकाम्या केलेल्या त्या फाळ्यांची मी मोळी बांधली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर घेऊन डिंभ्याला निघालो. गाडी जुंपता आली असती. पण तू बावीस वर्षं डोक्यावर नेलंस. बाजारातून जाताना सगळी दुकानं उघडी होती. एकानं विचारलं, "शेट, हे काय आरंभलंय?" मी म्हटलं, "सरपण." तो आणखी काही विचारणार होता, पण माझं तोंड बघून त्यानं पान लावायला घेतलं. वाटेत चार ठिकाणी मोळी उतरवली. पाचव्या वेळेला उचलता येईना, तेव्हा एका गुराख्यानं हात लावला.

सगुणा दारात बसली होती. मोळी बघून तिनं पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "दर वर्षी जायची ती आणलीय. यात आता जीव नाहीत, मी काढलेत." ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "शेट, तुमाला येक सांगू का? आता त्यो गेला, सांगाय हरकत न्हाई. सरकारनं रान राकीव केल्यापास्नं आमाला चुलीला काटकी मिळंना झाली व्हती. तवा ह्यो दर वर्साला चार-दोन पोकळ वंडकं मुद्दाम धुंडून तुमच्याकडं आनायचा. म्हनायचा, शेट बाजूला टाकनारच, आपल्या चुलीला व्हतंय. लई हसायचा. तुमच्या किड्यांनी आमचं घर ऊब धरून ठिवलं बघा."

मी तिच्या ओसरीवर बसलो आणि मलाही हसू आवरेना. लबाड माणसा. बावीस वर्षं मला पापाचा जाब विचारत होतास आणि बावीस वर्षं मला बनवत होतास. परत चालताना मात्र माझं हसू मावळलं. मी दुकानात बसून धर्म सांभाळत होतो आणि तुझ्या घरात चार काटक्यांसाठी एवढी युक्ती करावी लागत होती. तू सरळ का नाही मागितलंस? मला ठाऊक आहे का. मी दिलं असतं आणि चार लोकांत सांगितलं असतं. तुला ते नको होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी पुन्हा कुऱ्हाड उचलली. यापुढे दर वर्षी दोन ढीग होतील, एक आमचा, एक सगुणेचा, दोन्ही शाबूत लाकडाचे, दोन्ही ठोकून बघितलेले. हे मी तिला सांगितलं नाही. सांगायचं नाही, नुसतं न्यायचं.

ज्येष्ठाच्या शेवटी केसर मोकळी झाली. मुलगा. बाहेर तीन दिवस झड होती आणि आत आगटी एक क्षण विझली नाही. सोयर फिटेपर्यंत मला खोलीत जायचं नव्हतं, म्हणून मी फाळ्या उंबऱ्याशी ठेवत होतो आणि ही आत नेत होती. ओंडके अजून सहा उरलेत. पावसातच पडवीत आणून फोडतोय. सव्वा महिना पुरवीन. पुरवणारच.

आज बाराव्या दिवशी मी खोलीत गेलो. बाळ झोपलं होतं, कपाळावर घामाचे दोन थेंब. आगटीजवळ बसलो. आता पोरीला सांगायला हवं, असं मनाशी म्हणत शब्द जुळवत होतो. तेवढ्यात केसरच म्हणाली, "बाबा, हात दाखवा." मी लपवले. ती म्हणाली, "गेणूमामाला चार घाव लागायचे. पहिल्या दिवशी मी मोजले, एका ओंडक्याला एकतीस. तेव्हाच कळलं मला, मामा नाहीयेत."

मी म्हणालो, "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही फोडायचं थांबवून माझ्याजवळ येऊन बसला असतात."

तिनं थोडा वेळ पदरानं डोळे पुसले. मलाही धीर राहिला नाही. बाळानं झोपेत ओठ हलवले. आगटीतला जाळ खाली बसत चालला होता.

इतक्या वर्षांत मी कधी स्वतःच्या हातानं आगीत लाकूड घातलेलं नाही, गेणू. ते काम हिचं, किंवा मोलकरणीचं. मी फक्त रीत सांगायचो. केसर म्हणाली, "बाबा, गार वाटतंय. एक लाकूड घाला."

मी घातलं.